गंगव्वाचं तोंड

गिरणीत दळण लावून इंदू बाकावर बसली होती. बेळगावच्या वडगावातल्या त्या गिरणीत पट्ट्याची घरघर आणि बाहेर गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट मिळून एवढा आवाज असे की शेजारचा काय बोलतो ते कळायला त्याच्या ओठांकडं बघावं लागे. अचानक वीज गेली. पट्टा फडफडत थांबला, एकामागून एक माग थांबले, आणि गिरणीवाल्या कल्लाप्पाचं ओरडून चाललेलं बोलणं त्या शांततेत एकदम उघडं पडलं.

"...तर येकानं इचारलं, म्हातारे, तुझं वय काय गं? तर ती बाहुली काय म्हनती ठावं हाय? म्हनती, तुझ्या तोंडात इडी हाय न्हवं, तिला इचार की!"

पिठानं भुवया पांढऱ्या झालेले दोघंतिघं हसले. डबा घेऊन उभी असलेली एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

"निपाणीला झालता म्हनं खेळ," कल्लाप्पा आता आवाज उतरवून म्हणाला. "आमचा साडू बघून आला. हसून हसून प्वाट दुखलं म्हनं."

"पर इडीला कसं कळनार वय?" एकानं विचारलं.

"त्येच की. म्हनून तर हसायचं."

इंदूही हसली. म्हणजे सगळ्यांचे गाल वर गेले तसे तिचेही गेले. वाक्य तेच होतं, पण त्याच्या आधीचा प्रश्न बदलला होता. निपाणीला त्या माणसानं वय विचारलं नव्हतं, जात विचारली होती. निपाणी ते वडगाव या वाटेवर कुठं तरी, कुठल्या तरी साडूच्या तोंडात, जात गळून पडली होती आणि तिच्यावाचूनही लोकांचं हसू अडत नव्हतं. आणि उत्तर बाहुलीनं दिलंच नव्हतं. ते इंदूच्या आईनं दिलं होतं. हे सांगावं असं तिच्या मनात आलं, म्हणजे वाक्य तयार झालं, पण ते बोलायची गरज आतनं उठेना. तिनं वाट बघितली. राग येईल, निदान लाज तरी वाटेल. बाकाच्या फळीवर तिचा उजवा हात पडला होता, बोटं किंचित वाकलेली, आत बाहुली नसतानाही बाहुली धरल्यासारखी. तिनं ती बोटं सरळ केली. ती पुन्हा वाकली. वीज काही लवकर येत नाही म्हणून लोक उठायला लागले तेव्हा तीही उठली, आणि दळण तिथंच ठेवून घराकडं निघाली.

माग बंद पडल्यावर वडगाव ओळखू येत नसे. एरवी त्या खटखटीत माणसाला स्वतःशी बोलायची सोय असायची. इंदू इथं राहायला आली त्याचं खरं कारण तेच होतं, शाळा जवळ आहे हे सांगायचं कारण. नगरपालिकेच्या मराठी शाळेत ती बाई होती. तिशी उलटली होती. लग्नाचं बघणं दोनदा होऊन राहिलं ते राहिलंच. आईला, कोंडाबाईला, तिनं निपाणीहून इकडं आणलं होतं, कारण सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत काढून कोंडाबाईची छाती आतनं भाजल्यासारखी झाली होती. दिवसा तंबाखू निवडायचा, संध्याकाळी घरी विड्या वळायच्या, आणि त्यातून पोरीला शिकवायची. लहानपणी सुट्टीत इंदू वखारीत जाऊन बसे. पिवळ्या धुरळ्यात ओळीनं बसलेल्या बायका, नाकातोंडावर फडकी बांधलेल्या, आणि मधे तिची आई. मुकादम पलीकडं गेला की कोंडाबाई फडकं खाली ओढून मुकादम व्हायची. त्याची मान, त्याचं ते पान खाल्लेल्या तोंडानं हेल काढून बोलणं, मराठीत सुरू होऊन शिवी द्यायला कानडीत जाणं. बायका हसायच्या, हसता हसता खोकायच्या, खोकता खोकता पुन्हा हसायच्या. मुकादमाची चाहूल लागली की आईचं तोंड क्षणात पुसल्यासारखं कोरं व्हायचं आणि फडकं वर जायचं. परक्या माणसासमोर आई हसल्याचं इंदूला आठवत नव्हतं. बौद्ध झाल्यावर तर कोंडाबाई आणखीनच ताठ झाली. तिच्या बापाला पाटलाच्या दारात सणासुदीला सोंग काढून नाचावं लागे. ते बंद झालं याचा तिला एवढा मोठा आनंद होता की तो कधी बोलून दाखवायची तिला गरज पडली नाही.

मग बाहुली आली. शाळेनं इंदूला धारवाडला शिक्षकांच्या शिबिराला पाठवलं, तिथं बाहुल्या करून मुलांना शिकवायचं कसं ते दाखवलं. रद्दी कागदाचा लगदा, त्यात खळ, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड. बाकीच्यांनी ससे केले, राजा-राणी केली. इंदूच्या हाताखाली एका म्हातारीचं डोकं तयार झालं, गाल बसलेलं, एक भुवई वर. हात आत घालून नाचवायची बाहुली. तिला लुगडं नेसवलं, नाव गंगव्वा ठेवलं, आणि पहिल्यांदा ती हातात घालून "नमस्कार" म्हणायला गेली तर तोंडून वेगळंच आलं: "काय बगताय रं? म्हातारं मानूस बगितलं न्हाय काय कवा?" शिबिरातले लोक हसले. तो आवाज कुठला हे इंदूला त्याच क्षणी कळलं, आणि कळलं नाही असं तिनं स्वतःला समजावलं. ते समजावणं पुढं बरीच वर्षं टिकलं.

त्या वर्षांमध्ये तिनं किती दारं ठोठावली! शाळेच्या संमेलनात बाहुली नाचवणं वेगळं आणि त्यावर पोट भरणारी मंडळी असतात त्यांच्यात शिरणं वेगळं. बेंगळूरकडच्या एका बाहुलीवाल्यांनी तिचा खेळ बघून सांगितलं, तुमचं कानडी मराठीसारखं येतं. पुण्याच्या एका संस्थेतल्या बाईंनी सांगितलं, तुमच्या मराठीला फार कानडी वास आहे, लोकांना कळणार नाही. कोल्हापूरच्या स्पर्धेत परीक्षकांनी पाठांतराचं कौतुक केलं. बायकांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, असं एकानं अगदी जिव्हाळ्यानं समजावलं होतं. ती परत यायची, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन फळ्यावर तारीख लिहायची. तेव्हा निदान वाईट तरी वाटायचं. रात्रीच्या स्वयंपाकाला आई बसली की ही बाहेरच्या खोलीत मागांच्या आवाजाआड गंगव्वाला पुटपुटत बोलवायची. कोंडाबाईला एवढंच ठाऊक होतं की पोरगी बाहुल्या नाचवते.

"लोकानी हसावं म्हनून शिकिवलं न्हाय तुला," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती.

"मला नाही हसत आई. बाहुलीला हसतात."

"आन बाहुली कुनाची?"

यावर उत्तर गंगव्वाला सुचलं असतं.

गंगव्वाला आपल्यापेक्षा जास्त सुचतं, हे तिला कळलं ते कंग्राळीला. शाळेच्या पटांगणात खेळ चालू असताना एक कुत्रं सरळ रांगांमधनं चालत आलं आणि पडद्यासमोर बसून बाहुलीकडं बघायला लागलं. लोक कुजबुजले. इंदूचं पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. आणि हातातली गंगव्वा खाली वाकून त्या कुत्र्याला म्हणाली, "आलास? आरं तुज्या मालकानं धाडला व्हय, सोता यायला लाजतंय म्हनून?" मग ती कुत्र्याला जेवलास काय विचारायला लागली, त्याच्याकडनं गावातल्या चुगल्या काढून घ्यायला लागली, आणि लोक गुडघ्यावर हात मारून हसायला लागले. पडद्यामागं इंदूला वाटत होतं की ती पळत सुटली आहे आणि पाय जमिनीला लागत नाहीत. त्या दिवसाइतका आनंद तिला आधी झाला नव्हता. नंतरही झाला नाही, पण ते तेव्हा कळायचं नसतं.

त्या गर्दीत मारुतीराव होते. कोल्हापूरची त्यांची करमणुकीची मंडळी सगळ्या मुलखात फिरायची: गाणी, नकला, हातचलाखी, आणि मधे लोकांनी विषय ओरडायचा आणि नटांनी उभ्या उभ्या त्यावर प्रवेश करून दाखवायचा, असा एक खेळ. त्यासाठीच माणसं तिकिटं काढून येत. मारुतीराव पांढऱ्या टोपीतले, हळू बोलणारे, सुपारी कातरत ऐकणारे गृहस्थ होते. "इंदुताई, पाठ केलेलं कुणीही बोलतं," ते म्हणाले. "आयत्या वेळी बोलणारं तोंड मला हवं होतं. निपाणीला आमचा खेळ आहे. तिथं करून दाखवा. जमलं तर तुम्ही आमच्या."

निपाणी म्हटल्यावर कोंडाबाई म्हणाली, मी बी येतो. बाहुलीसाठी नाही. वखारीतली तिची जोडीदारीण शालूबाई तिथं अजून होती, तिला भेटायचं होतं. नको म्हणायला इंदूजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं.

बाजारपेठेतल्या एका मंडळानं मांडव घातला होता. दिवस कलायच्या आत खेळ सुरू झाला. पुढं जाजमावर पोरं, एका अंगाला बायका, मागं बाकांवर आणि उभे पुरुष. पडद्याला बारीक भोक होतं, त्यातनं इंदूला माणसं दिसत. आई आणि शालूबाई बायकांच्या चौथ्या-पाचव्या रांगेत, गुडघ्याला गुडघा लावून. गंगव्वा वर आली आणि पहिल्याच वाक्याला निपाणीनं तिला ओळखलं, कारण अशी म्हातारी त्यांच्या प्रत्येक गल्लीत होती. कुणी भाव विचारला, कुणी सुनेबद्दल विचारलं, गंगव्वा सगळ्यांना पुरून उरली. मग कुणी तरी ओरडलं, "मुकादम!" आणि इंदूच्या हातानं बाहुलीची मान तशी वाकडी केली, आवाज मराठीतनं निघाला आणि शिवीपाशी कानडीत गेला. मांडव हशानं फुटला. भोकातनं इंदूनं बघितलं. शालूबाई हसत होती, आणि तिच्या बरोबरीनं आईही हसत होती, परक्या पुरुषांच्या देखत, तोंड उघडं टाकून. इंदूला ते एवढं नवीन होतं की तिनं गंगव्वाला मुद्दाम तिकडं वळवलं. गंगव्वा खोकली. छातीच्या तळातनं येणारा, दोन टप्प्यांत तुटणारा खोकला, शेवटी पदरानं तोंड पुसणं. शालूबाईनं हसता हसता शेजारी बघितलं. आईचं हसणं थांबलेलं होतं. ती बाहुलीकडं बघत होती, कुणी आपली वस्तू घालून समोरनं जावं आणि ती आपलीच का याची खात्री करून घ्यावी तशी.

इंदूचा हात चालूच राहिला. थांबवता आला असता का, याचा विचार तिनं पुढं केला. त्या वेळी हात तिचा नव्हता.

तेवढ्यात मागच्या बाकाजवळनं एका माणसानं विचारलं. नीट कपड्यातला, तोंडात विडी, काही दारू प्यालेला वगैरे नव्हता. मजेतच विचारलं त्यानं. "सगळं सांगितलंस म्हातारे. तुझी जात कंची त्ये न्हाय सांगितलंस."

हशा झाला. मोठा नव्हे, जो पुढच्या हशाची जागा करून ठेवतो तसा. सगळे गंगव्वाकडं बघायला लागले. आणि इंदूला काही सुचेना. कंग्राळीच्या कुत्र्याला ज्या ठिकाणाहून उत्तर आलं होतं त्या ठिकाणी ती गेली, तर तिथं नुसती भिंत होती. खोटं सांगावं तर पाचव्या रांगेत आई. खरं सांगावं तर कुणाचं खरं सांगायचं, बाहुलीचं की आपलं? हात मनगटापासून बधिर झाला. गंगव्वा पडद्याच्या कडेवर मान टाकून नुसती लोंबली. लोकांना तेही आवडलं. ते आणखी हसले.

आणि मग गंगव्वाचा आवाज आला. तोच, तसाच, फक्त तो पडद्याकडनं आला नाही.

"माझ्या हातानं वळल्याली इडी हाय तुझ्या तोंडात. तिला इचार की माझी जात! वडताना इचारलास व्हय रं?"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग टाळ्या पडल्या. बाहुली इथं आणि आवाज तिथनं, बायकांच्या घोळक्यातनं! असली करामत निपाणीनं पाहिली नव्हती. लोक उभे राहिले, शिट्ट्या झाल्या, विडीवाला स्वतःच विडी हातात घेऊन ती सगळ्यांना दाखवत हसायला लागला. भोकातनं इंदूला आई दिसत होती. ती उभी होती. ती त्या टाळ्यांकडं, एका माणसाकडनं दुसऱ्याकडं, बघत होती. कुणीच तिच्याकडं बघत नव्हतं. सगळे बाहुलीकडं बघत होते. शालूबाईनं पदर ओढून तिला खाली बसवलं.

परतीच्या एस. टी.त दोघी शेजारी बसल्या. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. इंदूच्या मांडीवर पिशवीत गंगव्वा होती. कोंडाबाई खिडकीबाहेर बघत होती. बेळगाव जवळ आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझा खोकला बी घेतलायस."

"आई..."

"न्हाय, घे की. मला त्येचा काय उपेग."

त्यानंतर आठवडा गेला होता. गिरणीतनं उठून इंदू घरी पोचली तेव्हा दारात चपला होत्या. मारुतीराव येऊन बसले होते, आणि कोंडाबाईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला होता. इंदूला बघताच ते अर्धे उठले.

"इंदुताई, अहो आवाज फेकता येतो हे सांगितलं नाही कधी! तीस वर्षं ह्या धंद्यात काढली मी. बायकांच्या रांगेतनं आवाज काढणं, तोही अशा वेळी... मी अंगावर काटा घेऊन उभा होतो. आता रोज तेच करायचं. खानापूरला रविवारी आहे."

"मला नाही येत आवाज फेकायला," इंदू म्हणाली. "ती आई होती."

मारुतीरावांनी कप खाली ठेवला. त्यांनी कोंडाबाईकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इंदूला खरोखरचा आदर दिसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सुपारी तोंडात टाकली. मग अगदी सहज म्हणाले, "मग आईंनाही घेऊ या की बरोबर. बायकांत बसायचं. बाकी काही नाही. वेळ आली की तेवढं बोलायचं."

कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. "रोज?" तिनं विचारलं.

"खेळ असेल त्या दिवशी."

"आन ती जात? ती रोज कोन इचारनार?"

"त्याची काळजी नको. आपलाच माणूस बसवू. आमचा तबलेवाला भरमू आहे, तो विचारील."

कोंडाबाईनं यावर मनापासून विचार केलेला दिसला. तंबाखूची प्रत बघताना ती पान बोटांत धरून अशी थांबायची. "आपलाच मानूस इचारनार," ती म्हणाली. "मग मला राग कसा यील?"

मारुतीराव मांडीवर थाप मारून हसले. "बघा! बघा इंदुताई, हे असं आहे तोंड!" कोंडाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं विनोद केला नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मी न्हाय येत," ती शेवटी म्हणाली. "हिला न्या."

त्या दिवसांत इंदूच्या मनात काय काय चाललं होतं असं सांगायला गेलं तर सांगण्यासारखं फारसं काही नाही. जावं की न जावं असा झगडा माणसाच्या आत होतो, असं ती वाचत आली होती. तिच्या आत तो झाला नाही. शाळेत तिनं सातचा पाढा म्हणून घेतला. गिरणीतनं दळण आणलं. भरमू असं विचारील, मग गंगव्वा असं म्हणेल, याची जुळणी तिच्या डोक्यात आपोआप होत होती, जशी भाजी निवडताना हातांची होते. इतकी वर्षं जे दार ती वाजवत होती ते उघडलं होतं, तेव्हा आत जायचं, एवढंच उरलं होतं. मात्र वाक्य आईचं आहे, तेव्हा आईला विचारावं, असं तिला दोनदा वाटलं. एकदा ती चुलीजवळ जाऊन उभीही राहिली. कोंडाबाईनं वर बघून विचारलं, "काय पायजे?" तर इंदू म्हणाली, "मीठ." आणि मीठ घेऊन बाहेर आली, आणि बाहेर मीठ घेऊन काय करायचं ते न कळून उभी राहिली.

खानापूरला लाकडाच्या वखारींच्या मागच्या मोकळ्या जागेत खेळ होता. कापलेल्या सागवानाचा ओलसर वास होता. सरकारी कचेऱ्यांतले कारकून कुटुंबासह आले होते, आसपासच्या गावांतनं भाताची कामं उरकून आलेली माणसं होती. गंगव्वा वर आली, बोलली, भांडली. लोकांनी विषय दिले, तिनं घेतले. सगळं ठीक चाललं होतं. इंदूला ते लांबनं ऐकू येत होतं, पलीकडच्या घरात रेडिओ लागल्यासारखं. मग ठरल्या जागी भरमू तबलेवाला उठला. त्यानं तोंडात विडी धरली होती, मारुतीरावांनी सांगितली होती म्हणून. तो बिचारा ओढत नसे. "म्हातारे," तो ओरडला, "सगळं झालं, पण तुझी जात कुठली?"

लोक हसले, जागा करून ठेवणारं हसू. इंदूनं गंगव्वाची मान हळूहळू भरमूकडं वळवली. निपाणीला बाहुली लोंबली होती तेवढा वेळ तिनं बाहुलीला लोंबू दिलं. तो वेळ तिला बरोबर माहीत होता. आणि मग तिनं ते वाक्य म्हटलं. "माझ्या हातानं वळल्याली इडी हाय तुझ्या तोंडात..." शब्द न शब्द. आवाज तोच, चढ तोच, शेवटच्या 'व्हय रं'ला जी धार होती तीही तीच. भोकातनं तिला दिसत होतं की हशा पुढच्या रांगांतनं उठून मागं गेला, मागनं परत आला, आणि टाळ्या पडल्या. निपाणीइतक्या नव्हे, पण भरपूर. भरमूनं विडी हातात घेऊन सगळ्यांना दाखवली.

बायकांच्या अंगाला एक म्हातारी होती, डोक्यावरनं पदर, हातात कुणाचं तरी पोर. ती हसली नव्हती. इंदूला वाटलं, आता ही उठेल. उठून काही तरी म्हणेल, ह्या जागेवर जे म्हणायचं असतं ते. इंदूनं वाट बघितली, एवढी की गंगव्वाचं पुढचं वाक्य उशिरा आलं. म्हातारीनं पोराचं नाक पुसलं. ती बहिरी असावी.

खेळानंतर मारुतीराव पडद्यामागं आले. त्यांनी इंदूच्या दोन्ही हातांत नारळ ठेवला. "आता तुम्ही आमच्या," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "मे महिन्यात कोकण, मग सोलापूरकडं. शाळेचं काय ते बघून घ्या." इंदू हो म्हणाली. मंडळीतल्या बायकांनी तिला मधे बसवून जेवायला वाढलं, कुणी तरी गंगव्वाला कुंकू लावलं. ज्या क्षणाची कल्पना करून तिनं धारवाडहून परतताना, पुण्याहून परतताना, कोल्हापूरहून परतताना स्वतःला उभं धरलं होतं, तो हा क्षण होता. आमटी तिखट होती. तिनं दोनदा घेतली.

सकाळच्या गाडीनं निघून ती दुपारी वडगावात पोचली. माग चालू होते. कोंडाबाई ओसरीवर कपड्यांच्या घड्या करत बसली होती. तिनं इंदूच्या हातातल्या नारळाकडं बघितलं, मग इंदूकडं.

"आलीस?" ती म्हणाली. "बस. मी चहा ठेवते."

इंदू चप्पल काढता काढता थांबली. कोंडाबाई जन्मभर 'ठेवतो' म्हणत आली होती; मी येतो, मी जातो, मी ठेवतो. निपाणीच्या वखारीतल्या सगळ्या बायका तशाच बोलायच्या, आणि शाळेत इंदूनं कितीतरी पोरींचं ते बोलणं सुधारलं होतं. घरात मात्र तिच्या कानाला दुसरं कुठलं वळण ठाऊक नव्हतं. आई सहज बोलली असेल, चुकून, असं म्हणून ती आत गेली आणि पाटावर बसली.

"लोक हसले का?" आईनं विचारलं. पातेलं चुलीवर ठेवताना ती पाठमोरी होती.

"हसले."

"बरं झालं." मग कोंडाबाई म्हणाली, "तुला भूक लागली असेल ना? भाकरी आहे. भाजी पण आहे." प्रत्येक शब्द ती निवडून, काडीकचरा काढून टाकल्यासारखा, अलगद खाली ठेवत होती. तिचं सगळं बोलणं स्वच्छ होतं, पुस्तकातल्यासारखं. त्यात निपाणी नव्हती, वखार नव्हती, कुणाला उचलून नेता येईल असं काही नव्हतं. ही भाषा ती कधी शिकली? की इंदू लहानपणी मोठ्यानं धडे वाचायची तेव्हा ती नुसतं ऐकत नव्हती?

"आई," इंदू म्हणाली, "असं काय बोलतेस?"

"कसं?" कोंडाबाईनं वळून विचारलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मुकादम जवळ आल्यावर होई तसा तो चेहरा होता, कोरा. "साखर किती घालू?"

बाहेर माग वाजत होते. इंदूनं तोंड उघडलं.

"घाल की गं आये, तुला ठावं न्हाय व्हय?" ती म्हणाली, आणि आपल्या तोंडून आलेला तो आवाज दोघींनी ऐकला.

कोंडाबाईनं साखर घातली. चमच्यानं नीट हलवली. "घे," ती म्हणाली. "गरम आहे."